एमएच अडतीसची मंडळी

हिंगोली जिल्ह्यात अनोळखी माणसाला नाव विचारण्यात काही अर्थ नसतो. तो नाव सांगेल, आडनाव सांगेल, तुम्ही गाव विचाराल, त्या गावात तुमचा एखादा दूरचा पाहुणा निघेल, त्या पाहुण्याच्या तब्येतीची चौकशी होईल, आणि एवढं होऊनही हा माणूस कोण ते कळायचं नाही. त्यापेक्षा सरळ विचारावं, "गाडी कोणती?"

"पिकअप. सतराचं मॉडेल. शेकंडमधी घेतली."

झाली ओळख. म्हणजे पाचसात एकर रान आहे, त्यात हळद आहे, हप्ते संपत आलेत, आणि ज्याच्याकडून गाडी घेतली त्याच्याशी सध्या बोलणं नाही.

अशा ओळखी व्हायची हक्काची जागा म्हणजे उन्हाळ्यात हळदीच्या बाजाराबाहेर लागणारी रांग. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हळदीचं संशोधन केंद्रही वसमतलाच आहे. पण एकमेकांचं तोंड न पाहिलेल्या माणसांना रात्र रात्र एकत्र बसवण्याचा जो हळदीचा गुण आहे, त्यावर अजून कोणी काम केल्याचं ऐकिवात नाही. हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केटमध्ये आवक वाढली की गाड्यांची रांग फाटकातून बाहेर रस्त्यावर येते. बोलेरो पिकअप, आयशर, चारशेसात, छोटा हत्ती, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, सगळं एकामागं एक. नंबर लागायला रात्र जाते, कधी दोन जातात. ताडपत्र्या घट्ट आवळलेल्या असतात. फाळके खाली पडतात आणि त्यावर माणसं बसतात. भावाबद्दल कोणी बोलत नाही. भाव सकाळी कळणारच आहे, आत्तापासून जिवाला घोर कशाला? मग उरतं काय? गाडी.

या परिचयाला रीत आहे. आधी मॉडेल, मग टायर, मग पाटे, मग भार, आणि सगळ्यात शेवटी, रात्र बरीच झाल्यावर, अ‍ॅव्हरेज.

"आपली एकोणीसची हाय. एक पाटा जास्तीचा टाकून घेतलाय."

"भार किती ओढती?"

"कंपनी म्हणती दीड टन." थोडं थांबून, तंबाखूची चिमूट खालच्या ओठात नीट बसवून, "कंपनी लई भित्री हाय."

अ‍ॅव्हरेजच्या बाबतीत मात्र ऐकणाऱ्यानं मन मोठं ठेवावं. रांगेतल्या प्रत्येकाची गाडी लिटरला सोळाच्या पुढे जाते. एकदा एका नवख्यानं विचारलं, "रिकामी का भरलेली?" तर उत्तर आलं, "उतारावर." या सगळ्यांचं खरं मानलं, तर जिल्ह्यातल्या पंपांवर रोज जे डिझेल खपतं ते नेमकं कोण पितं, याची चौकशी लावावी लागेल. माझ्याकडे स्कूटर आहे. तिचा खरा अ‍ॅव्हरेज सांगून मी या बैठकीतली माझी पत आधीच घालवली आहे. त्या दिवसापासून माझी ओळख करून देताना "हे आपले पाहुणे" एवढंच सांगतात.

नंबरप्लेटचा विषय वेगळा, कारण त्यात इतिहास येतो. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला आणि गाड्यांना एमएच अडतीस मिळाला. त्याच्या आधी सगळे बावीस. त्यामुळे ज्याच्या गाडीवर बावीस आहे तो स्वतःला जरा जुन्या घराण्यातला समजतो. "जिल्हा नव्हता तव्हाची गाडी हाय ही," असं तो टायरवर हळूच लाथ मारत सांगतो. आता परभणीत आजही बावीसच मिळतो, आणि पुढची अक्षरं नीट वाचली तर गाडी चारपाच वर्षांपूर्वी परभणीच्या शोरूममधून निघालेली असते. पण अक्षरं वाचणारा माणूस रांगेत कोणालाच आवडत नाही.

काहीजण नंबराकडूनच नाव वदवून घेतात. ४१४१ घेतला आणि पेंटरनं आकड्यांना जरा वळण दिलं की "दादा" होतं. २१४ चं "राम" होतं. असल्या पाट्यांना दंड आहे आणि तो होतोही. पण दंड भरून आलेला माणूस पावती घडी करून सनशेडमागे खोचतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप शोधू नये. आपलं नाव सरकारनं वाचलं, याचं समाधान त्याला असतं.

आता हत्ती. टाटानं २००५ साली एस नावाची चिमुकली गाडी काढली. लोकांनी तिचं कंपनीनं ठेवलेलं नाव बाजूला ठेवलं आणि तिला छोटा हत्ती म्हणायला लागले. त्याला वीस वर्षं होऊन गेली. मालकांनी हे नाव इतकं मनावर घेतलं की बोलण्यातून "छोटा" कधीच गळाला. "हत्ती आला का?" "न्हाई, औंढ्याला गेलाय. सांजच्याला येतो." "उद्या मोकळा हाय का?" "उद्या लग्नात हाय." वऱ्हाडाची भांडी, मांडवाचे बांबू, आजारी म्हैस, डीजेचे खोके, दिंडीचा शिधा हे सगळं हत्ती ओढतो. हत्तीवाला माणूस अंगानं किरकोळ आणि स्वभावानं नम्र असतो, कारण अरुंद बोळातून, गटाराच्या कडेवरून, कोणाच्या तरी ओसरीची पायरी चुकवत गाडी काढणं हा त्याचा रोजचा व्यवसाय आहे. नम्रता नसेल तर आरसा जातो.

चारशेसातवाल्याला हत्ती बघवत नाही. टाटा ४०७ आली १९८६ साली. तिच्या मालकाचं वय साधारण गाडीच्या वयाच्या दीडपट असतं. तो आजच्या गाड्यांचे बंपर बोटानं वाजवून बघतो आणि "फायबर" असं म्हणतो. हा शब्द तो ज्या स्वरात उच्चारतो, त्या स्वरात लोक साधारणपणे भाऊबंदांची नावं घेतात. त्याच्या गाडीत सगळं उघडतं आणि सगळं पान्ह्यानं बसतं. सेन्सर नावाच्या प्रकाराशी त्याचं वैर आहे. बोलेरोवाल्याच्या डॅशबोर्डावर पिवळा दिवा लागला आणि तो चिंतेत पडला की चारशेसातवाला मनापासून खूश होतो. "दिवा काय सांगायलाय?" तो विचारतो. "तेच कळंना." "मग लावलाय कामून?" याला आजवर कोणत्याही कंपनीच्या अभियंत्यानं समाधानकारक उत्तर दिलेलं नाही.

आता शौकाकडे येतो.

अमेरिकेतही खेड्यापाड्यांत पिकअप ट्रकचे मोठे शौकीन आहेत. फोर्ड कंपनीची एफ मालिका १९७७ पासून तिथली सगळ्यात जास्त खपणारी ट्रक आहे. यातल्या बऱ्याच ट्रकांचे हौदे वर्षातले बहुतेक दिवस रिकामे असतात, हे मी आमच्या रांगेत सांगितलं तेव्हा क्षणभर शांतता पसरली. मग एकानं काळजीनं विचारलं, "भाडं न्हाई का मिळत त्यायला?" मी सांगितलं, तसं नाही. तिकडचा माणूस आठवडाभर काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी ट्रक काढून रानात जातो. तिथं तंबू ठोकतो. शेकोटी करतो. उघड्यावर झोपतो. रात्री जनावरांचे आवाज ऐकतो, बॅटरी मारून ती बघतो. आणि हे सगळं करायला स्वतःच्या पदरचे पैसे घालतो.

"म्हंजी जागल," एकजण म्हणाला.

खरंच, जागलच ती. हरभरा घाटे भरायला लागला, तूर वाळायला आली की रानडुकरं आणि रोही येतात आणि आमचा शौकीन संध्याकाळी भाकरी बांधून रानात जातो. माळ्यावर गोधडी, शेजारी पत्र्याचा डबा वाजवायला, बॅटरी, शेकोटी, वर आख्खं आभाळ. त्यातून पंपाची लाईट रात्रपाळीची असेल तर मध्यरात्री उठून चिखलातून बारे मोडायचे, तेही घुबडाच्या साथीनं. तिकडच्या मासिकांत ज्याचे रंगीत फोटो छापतात ते सगळं इथं फुकट आहे, सक्तीचं आहे, आणि सर्पदंशाच्या शक्यतेसह आहे. अशा माणसाला "तुमचे मैदानी छंद कोणते?" असं विचारलं तर तो तुमच्याकडे संशयानं बघेल. जन्मल्यापासून तो बाहेरच आहे. ऊन बाहेर, पाऊस बाहेर, काम बाहेर, जेवण बांधावर. निवडणुका आल्या की सभासुद्धा बाहेर, आणि त्याही भर दुपारी.

म्हणून माझं मत असं आहे, की हिंगोलीचा गाडीशौकीन रानात जायला गाडी घेत नाही. रानातून उठून कुठंतरी आत बसता यावं म्हणून घेतो.

केबिन ही त्याची स्वतःची खोली. घरात त्याला शर्ट अडकवायला एक खुंटी असते आणि तिच्यावरही पोराचं दप्तर लोंबत असतं. केबिनमध्ये मात्र सगळं त्याच्या मनासारखं. मखमली गादी, झालरीचा पडदा, छताला लाल-निळे दिवे, पुढं नागनाथाचा फोटो, त्याला रोजचा ताजा हार, आईवडिलांचा फोटो आरशाच्या वर, चारी बाजूला फिरणारा बारका पंखा. सनशेडच्या मागं सातबारा, पीकविम्याची पावती, कारखान्याच्या उसाच्या पावत्या, कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका आणि ज्याचं लग्न होऊन त्याला आता शाळेत जाणारं पोर आहे त्याचीही पत्रिका. डॅशबोर्डावर सोयाबीनचे चार दाणे असतात. ते कधीचे आणि कशाचे नमुने आहेत हे कोणी विचारू नये. दार लावून घेतलं की आवाज बंद. सोसायटीचा सचिव, सासरा, सोयाबीनचा भाव, सगळे काचेच्या पलीकडे. घरासमोर गाडी उभी करून, इंजिन बंद करूनही पाच-दहा मिनिटं आतच बसून राहिलेले कितीतरी कर्ते पुरुष मी पाहिले आहेत. विचारलं तर म्हणतात, "इंजिन थंड होऊ द्यावं जरा."

घरची मंडळी क्वचित केबिनमध्ये बसतात, तेव्हा या आराशीचं मूल्यमापन होतं. बायको आधी काच खाली करते, मग पडदा बाजूला सारते, मग म्हणते, "एवढी गादी घरात असती तर?" त्यानंतर माहेर येईपर्यंत गाडी तिसऱ्या गिअरच्या वर जात नाही.

तरी सहली होतात. फक्त त्यांना सहल म्हणत नाहीत. सहल म्हटलं की खर्च दिसतो, काम म्हटलं की दिसत नाही. सिद्धेश्वर धरणावर गळ टाकायला जायचं असेल तर "जरा पाटा दाखवून येतो" असं सांगून निघावं लागतं. संध्याकाळी पिशवीत रोहू घेऊन आल्यावर पाट्याचं काय झालं, हे घरातलं कोणी विचारत नाही. कांदा चिरायला घेतात. रात्री नऊ वाजता अचानक खिचडी खावीशी वाटली तर वारंगा फाट्यापर्यंत जाऊन येणारे आहेत. त्याला ते "टायर गरम करून येणं" म्हणतात. घरी त्याच खिचडीला नाक मुरडणारा माणूस फाट्यावर ट्रकांच्या धुरात उभा राहून भज्यांबरोबर दोन प्लेटा खातो आणि वाटेत परत परत तिची तारीफ करतो.

शंकरपटाची गोष्ट वेगळी. तिथं खोटं बोलावं लागत नाही, सगळ्यांनाच जायचं असतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली बैलांच्या शर्यती थांबवल्या, डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा वाट मोकळी केली आणि मे २०२३ मध्ये ती कायम केली. मधल्या वर्षांत बैलांनी काय केलं ते त्यांनाच माहीत, माणसांनी मात्र मोबाइलवर जुन्या शर्यती पाहिल्या. आता पटाची जोडी पिकअपमधून जाते. हौद्यात खाली पेंढा, त्यावर पोतं, कडेला गोणपाट बांधलेलं, उन्हाचं म्हणून वर ताडपत्री. बैलांजवळ दोन माणसं उभी. जो माणूस हळदीची पोती भरलेली असताना गतिरोधक ओळखत नाही, आणि वऱ्हाड बसलेलं असताना खड्डा चुकवणं कमीपणाचं मानतो, तोच या दिवशी तिसाच्या वेगानं, मध्ये थांबून, मागं वळून "बरं हाय ना?" असं विचारत जातो. विचारतो तो बैलांना. शर्यत काही सेकंदांत संपते. जाण्यायेण्यात दिवस जातो, आणि परतताना हरलेली जोडी असेल तर दोष धावपट्टीचा, जिंकली असेल तर श्रेय गाडीच्या शॉकअपचं.

बाहेरच्या जगाशी या मंडळींची गाठ पडते ती नर्सीला. नर्सी नामदेव हे संत नामदेवांचं गाव. नामदेव पंजाबात घुमानला राहिले, त्यांची एकसष्ट पदं गुरु ग्रंथसाहिबात आहेत, त्यामुळे नांदेडला येणारे शीख यात्रेकरू वाट वाकडी करून नर्सीला येतात. शिवाय पंजाबातून हार्वेस्टर घेऊन मळणीच्या हंगामात मराठवाडाभर फिरणारे सरदारजी असतात. त्यांच्या ट्रकवर हार्वेस्टर, मागं खाट, तवा, पिठाचा डबा, म्हणजे घरच बरोबर. हे लोक आमच्या माणसाला गाव विचारतात, आणि तो "नर्सीच्या पल्याड, सहा किलोमीटर" असं म्हणाला की हात जोडतात. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी त्याला त्याच्या गाडीवरून न ओळखता गावावरून मान दिलेला असतो. तो गोंधळतो. सवयीनं म्हणतो, "पिकअप हाय आपली. एकोणीसची." सरदारजी पिकअपला एक फेरी मारतात, वाकून पाटे बघतात, जास्तीचा पाटा बोटानं मोजतात आणि मान डोलावतात. पुढचा अर्धा तास कोणती भाषा चालू आहे हे तिसऱ्याला सांगता यायचं नाही. क्लचप्लेट, लोड, घाट, हप्ता हे शब्द तेवढे स्पष्ट ऐकू येतात.

एक गोष्ट मात्र सरदारजींनाही जमत नाही. ती म्हणजे आवाज. इथल्या घरात बसलेली म्हातारी दोन मैलांवरच्या फाट्यावर वळणारी गाडी ओळखते. "आला आपला पिकअप," ती पोळी उलटताना म्हणते. "माल हाय आत. पाटा तुटलेला दिसतोय." पाच मिनिटांनी गाडी दारात येते तेव्हा माल असतो आणि पाटा तुटलेला असतो. वसमत तालुक्यात पांगरा शिंदे गावाच्या परिसरात वर्षानुवर्षं जमिनीतून गूढ आवाज येतात, अधूनमधून हादरेही बसतात. १० जुलै २०२४ च्या सकाळी तर ४.५ तीव्रतेचा धक्का बसला आणि जिल्हाभर लोक घराबाहेर आले. त्या भागात जमीन गुरगुरते आहे का पलीकडून कोणाचा आयशर चढतो आहे, हे एका क्षणात ठरवावं लागतं. घाबरायचं का चहा टाकायचा ते त्यावर अवलंबून.

आणि नेमक्या याच जिल्ह्यात, औंढा तालुक्यात, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो प्रयोगशाळा उभी राहते आहे. केंद्र सरकारनं २०२३ च्या एप्रिलमध्ये दोन हजार सहाशे कोटी रुपयांना मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या काटकोनात टाकायच्या, त्यात लेसर सोडायचा, आणि अब्जावधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली तर त्याचा प्रोटॉनहूनही कितीतरी बारीक कंप इथं मोजायचा. इतक्या नाजूक यंत्राला जमिनीची हालचाल सोसत नाही. अमेरिकेत लुईझियानात असंच एक यंत्र आहे, त्याला आसपासची लाकूडतोड आणि जवळून जाणारी आगगाडीही त्रास देते. आमच्याकडे तर जास्तीचा पाटा टाकलेली बोलेरो आहे.

ही अडचण मी रांगेत मांडली. माणसं गंभीर झाली. कृष्णविवरांबद्दल कोणाला शंका नव्हती, इतक्या लांबून एवढा आवाज येत असेल तर तिकडं ओव्हरलोड असणार, हे सगळ्यांना पटलं. एकानं सुचवलं की शास्त्रज्ञांनी यंत्राशेजारी एक म्हातारी बसवावी, कोणता कंप आभाळातला आणि कोणता औंढ्याच्या बाजारातला, हे ती सांगेल. चारशेसातवाले बराच वेळ गप्प होते. त्यांनी तंबाखू थुंकली, गमछानं तोंड पुसलं आणि मुद्द्याचं विचारलं,

"ह्या लहरी आल्यावर न्यायच्या कुठं? आन् माल सुट्टा राहील का पोत्यात?"